एक्समसमधला ख

प्रश्न एका ताईंचा आहे. त्या आपल्या मंडळीत संडे स्कूल घेतात. नाताळच्या सजावटीसाठी मुलांनी कार्डशीटची इंग्रजी अक्षरं कापून ‘मेरी एक्समस’ असं भिंतीवर लावलं. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी ते उतरवायला लावलं. “ख्रिस्ताच्या नावावर फुली मारून ख्रिस्ताचाच जन्मदिवस करता?” असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. अक्षरं कापणारी सातवीतली मुलगी रडत घरी गेली. ताई विचारतात, तो एक्स नेमका कशाचा? त्यात अपमान आहे का? आणि त्या मुलीला काय सांगू?

ताई, सलाम. आधी त्या मुलीसाठी छोटं उत्तर. तिने भिंतीवर लावलेलं ते अक्षर फुली नव्हतं, ख होता. ख्रिस्तातला ख.

आता तुमच्यासाठी मोठं उत्तर. तीस वर्षं मी ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना नव्या कराराची, म्हणजे बायबलाच्या दुसऱ्या भागाची, ग्रीक शिकवली आणि दर डिसेंबरला हा प्रश्न कुठून ना कुठून आलाच. त्यामुळे थोडं पाल्हाळ लागेल, सांभाळून घ्या.

नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. ग्रीक वर्णमालेत २४ अक्षरं आहेत. त्यातलं बाविसावं अक्षर म्हणजे खी. दोन तिरप्या रेघा एकमेकींना छेदून गेलेल्या, असा त्याचा आकार. दिसायला हुबेहूब इंग्रजी एक्स, पण उच्चाराचा ‘क्स’शी काही संबंध नाही. प्राचीन ग्रीकमध्ये तो महाप्राण क होता, म्हणजे सरळ आपला ख. पुढच्या काळात तो घशात घासून येऊ लागला, उर्दूत ‘ख़त’ म्हणताना येतो तसा. आणि ख्रिस्तोस हा शब्द ग्रीकमध्ये लिहायला घेतला की पहिलं अक्षर हेच, खी.

जूनमधला माझा पहिला तास याच अक्षराशी अडायचा. इंग्रजी माध्यमातून आलेली मुलं ‘क’ म्हणायची, कारण इंग्रजीत ‘क्राइस्ट’. नगर-जालन्याकडची, लहानपणापासून मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचलेली मुलं मात्र बिनधास्त ‘ख’ म्हणायची. मी फळ्यावर ग्रीक ख्रिस्तोस लिहायचो आणि खाली देवनागरीत ख्रिस्त. इंग्रजीला जो ख सांभाळता आला नाही, तो आपल्या शास्त्रात जसाच्या तसा उभा आहे. पोर्तुगिजांकडून आलेल्या ‘किरिस्ताव’ या शब्दात तो नाही, तिथे क आहे. कुठला शब्द कोणाच्या हातून आपल्याकडे आला, हे एका व्यंजनावरून कळतं.

एकाच आकाराचे दोन उच्चार कसे, हे पुढे सगळ्यांना छळतं. जुन्या काळी ग्रीकांची वर्णमाला एकच नव्हती, गावोगावचे पाठ वेगळे होते. पूर्वेकडच्या आयोनियन ग्रीकांनी फुलीच्या आकाराला ‘ख’ मानलं आणि ‘क्स’साठी दुसरं अक्षर ठेवलं. पश्चिमेकडच्या काही ग्रीकांनी, त्यात युबिया बेटावरचे, त्याच आकाराला ‘क्स’ मानलं. या युबियाच्या लोकांनी इटलीत नेपल्सजवळ क्यूमी इथे वसाहत केली होती. त्यांची अक्षरं एट्रस्कन लोकांकडून फिरत रोमनांकडे गेली, आणि रोमनांकडून इंग्रजांकडे. इकडे अथेन्सने इ.स.पू. ४०३ मध्ये आयोनियन वर्णमाला अधिकृत केली आणि पुढे सगळ्या ग्रीक जगात तीच चालली. म्हणून रोमन एक्स आणि ग्रीक खी हे एका घरातले दोन भाऊ आहेत, लहानपणी वेगळ्या गावी वाढलेले. आपल्याला यात नवल वाटायला नको. ‘ज्ञ’ आपण ‘द्न्य’ म्हणतो, हिंदीवाले ‘ग्य’ म्हणतात, गुजराती ‘ग्न’ म्हणतात. अक्षर एकच.

रशियन लिपीत हाच आकार आजही ख म्हणून वाचतात. ईस्टरच्या रंगवलेल्या अंड्यांवर तिथे दोन अक्षरं काढलेली असतात, ‘ख्रिस्त उठला आहे’ या वाक्यातल्या दोन शब्दांची आद्याक्षरं. पहिलं अक्षर दिसायला फुली. तिथल्या आजीबाईंना त्यात कधी अपमान दिसला नाही.

आता ख्रिस्त या शब्दाबद्दल दोन ओळी, कारण फुलीचं भांडण करणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं की येशू हे नाव आणि ख्रिस्त हे आडनाव. तसं नाही. ती पदवी आहे. ‘ख्रियेइन’ या ग्रीक क्रियापदाचा अर्थ तेल चोळणे, तेलाने माखणे. त्यावरून ख्रिस्तोस, ज्याच्यावर तेल ओतलं आहे तो, अभिषिक्त. हिब्रूतल्या ‘माशियाख’ या शब्दाचं हे भाषांतर, ज्याचं आपण मसीहा केलं. इस्राएलात राजा आणि याजक यांच्या डोक्यावर जैतुनाचं तेल ओतून त्यांना नेमत. मराठी माणसाला हे समजावणं सोपं आहे. छत्रपती हे शिवाजी महाराजांचं आडनाव नाही, राज्याभिषेकाने मिळालेली पदवी आहे, हे आपल्याकडे पोरांनाही ठाऊक असतं. ख्रिस्त तसंच.

आता मुख्य गोष्ट. ही पदवी आखूड करून लिहिण्याची रीत कोणा दुकानदाराने काढलेली नाही. ती खुद्द बायबलाच्या हस्तलिखितांतली आहे.

आज हाती असलेल्या नव्या कराराच्या अगदी जुन्या ग्रीक प्रती पाहा. पौलाच्या पत्रांचा साधारण इ.स. २०० च्या आसपासचा एक पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरची प्रत, आहे, त्याची बरीच पानं डब्लिनला आहेत आणि बाकीची अमेरिकेत मिशिगनला. चौथ्या शतकातली सिनाय पर्वताजवळच्या मठातली चामड्याची पोथी आहे, तिचा मोठा भाग आता लंडनला आहे. या प्रतींमध्ये काही ठरावीक शब्द पूर्ण लिहीतच नाहीत. देव, प्रभू, येशू, ख्रिस्त हे चार तर हमखास. पुढे आत्मा, पिता, पुत्र, क्रूस असे वाढत वाढत पंधराच्या आसपास झाले. शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर, कधी पहिली दोन, एवढंच लिहायचं आणि त्यांच्या डोक्यावर एक आडवी रेघ ओढायची. ख्रिस्तोस असेल तर खी आणि सिग्मा (शेवटचा स), वर रेघ. आपल्या शिरोरेषेसारखी, पण फक्त याच शब्दांवर. पानावरून नजर फिरवली की ते शब्द डोकं वर काढून उभे दिसतात.

विद्यार्थी लगेच म्हणायचे, “सर, पपायरस महाग असणार, जागा वाचवली.” मी त्यांना छायाचित्रं काढून दाखवायचो. प्रशस्त समास सोडलेत, बाकी शब्द ऐसपैस लिहिलेत, लांबलचक शब्दांना हात लावलेला नाही आणि ‘देव’ हा ग्रीकमधला चार अक्षरी छोटा शब्द तेवढा दोन अक्षरांत. ही काटकसर असती तर लेखनिक फार कच्चा हिशेबनीस म्हणावा लागेल. हे आदराचं चिन्ह आहे. यहुदी लेखक परमेश्वराचं चार अक्षरी नाव वेगळेपणाने लिहीत; मृत समुद्राजवळ सापडलेल्या काही गुंडाळ्यांत बाकी मजकूर चालू लिपीत आणि ते नाव तेवढं जुन्या वळणाच्या लिपीत आहे. नावाला सामान्य शब्दासारखं वागवायचं नाही, ही ती वृत्ती. ख्रिस्ती लेखकांनी ती आपल्या पद्धतीने चालवली.

आपल्याकडे आखूड करणं म्हणजे उणं करणं, हा समज कुठून आला कोण जाणे. घरातली जुनी पत्रं काढून पाहा. ‘ती. बाबांस’, ‘सा. न. वि. वि.’. तीर्थरूप हा शब्द पूर्ण न लिहिणाऱ्या मुलाने बापाचा अपमान केला असं कुणी म्हटलं नाही. ‘कै.’ लिहून आपण मेलेल्या माणसाला अर्धवट कैलासाला पाठवत नाही. अनेक मुसलमान घरांत पत्राच्या डोक्यावर ७८६ लिहितात. कागद उद्या रद्दीत जाईल, पायाखाली येईल, म्हणून अल्लाचं नाव त्यावर पूर्ण न लिहिता आकड्यांत. यातली भावना त्या पपायरसवाल्या लेखनिकाला चटकन कळली असती.

आणि तुमच्या त्या वडीलधाऱ्या गृहस्थांसाठी माझ्याकडे एक खास उदाहरण आहे. मंडळीच्या सभेचं इतिवृत्त लिहिताना ते ‘इ.स.’ लिहीत असतील. इ.स. म्हणजे इसवी सन, आणि इसवी हे ‘ईसा’वरून. ईसा हे येशूचंच अरबी नाव. म्हणजे आपल्या प्रभूचं नाव आपण मराठीत शेकडो वेळा एका अक्षरात बसवतो, पुढे टिंब देतो, आणि शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सालाआधी शाळेतली सगळी पोरं ते लिहितात. इ चालतो, मग ख का चालू नये?

पुढच्या इतिहासातला एक भाग सगळ्यांना माहीत असतो, म्हणून भरभर सांगतो. इ.स. ३१२ च्या ऑक्टोबरात रोमच्या सत्तेसाठी भांडणाऱ्या कॉन्स्टंटाइन आणि मॅक्सेंशियस यांची रोमजवळ मिल्वियन पुलापाशी लढाई झाली. लॅक्टॅन्शियस आणि युसेबियस या दोघा समकालीन लेखकांनी तिची हकीकत थोड्या फरकाने दिली आहे. कॉन्स्टंटाइनला दृष्टान्त झाला आणि ख्रिस्ताचं चिन्ह त्याने सैन्याला दिलं, हा गाभा दोघांत समान. ते चिन्ह पुढे खी आणि र्‍हो या ख्रिस्तोसच्या पहिल्या दोन अक्षरांची एकात एक गुंफण म्हणून प्रसिद्ध झालं. र्‍हो दिसायला इंग्रजी पी सारखा. पाळकांच्या झग्यावर, वेदीच्या कापडावर, पुस्तकांच्या मुखपृष्ठावर तुम्ही ते कितीदा पाहिलं असेल. मी लहानपणी त्याला ‘पीएक्स’ म्हणायचो आणि ते कापड शिवणाऱ्या कंपनीचं नाव असावं असं समजत होतो.

गंमत म्हणजे खी आणि र्‍होची ही जोडणी ख्रिस्ती लोकांच्या आधीची आहे. ग्रीक वाचक पोथीतल्या चांगल्या उताऱ्याशेजारी समासात ती खूण करीत, ‘ख्रेस्तोन’ म्हणजे ‘उपयोगी, उत्तम’ या शब्दाची. आपण समासात बरोबरची खूण करतो तशी. आता ख्रेस्तोस आणि ख्रिस्तोस हे शब्द त्या काळी कानाला जवळजवळ सारखेच लागत. रोमन इतिहासकार स्वेटोनियसने सम्राट क्लॉडियसच्या काळातल्या रोममधल्या एका दंग्याबद्दल लिहिताना कोणा ‘ख्रेस्तस’चं नाव घेतलं आहे, आणि अनेक अभ्यासकांना वाटतं की त्याने ख्रिस्त हा शब्द चुकीचा ऐकला. पदवीचा अर्थ न कळलेल्या माणसाने ती ‘भला माणूस’ अशी ऐकावी, ही चूक मला मोठी गोड वाटते.

पण एक्स म्हणजे ख्रिस्त हे डोळ्यांना पटवायचं असेल तर मी विद्यार्थ्यांना कॉन्स्टंटाइन दाखवत नाही. मी त्यांना एक पान दाखवतो.

साधारण इ.स. ८०० च्या सुमाराची, चार शुभवर्तमानांची, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रांची, एक लॅटिन पोथी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. तिला केल्सची पोथी म्हणतात. वासराच्या कातड्यावर लिहिलेली. मत्तयाच्या पहिल्या अध्यायात आधी वंशावळ येते, अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका झाला, आणि मग अठराव्या वचनापासून जन्माची खरी कथा सुरू होते. लॅटिनमध्ये ते वचन ‘ख्रिस्ताचा जन्म’ अशा शब्दांनी उघडतं. तिथे त्या भिक्षूंनी काय केलं? जवळजवळ अख्खं पान एका अक्षराला देऊन टाकलं. तो खी आहे. त्याचा एक पाय पानाच्या डावीकडून लांब खाली उतरत गेलेला. त्याच्या कुशीत र्‍हो आणि आयोटा. बाकी शब्द तळाशी, कोपऱ्यात, शोधावे लागतात. अक्षराच्या आत गुंडाळ्या, त्यांच्या आत गुंडाळ्या, मध्येच देवदूत, पतंग, मासा तोंडात धरलेलं पाणमांजर, आणि खाली दोन मांजरं, त्यांच्यासमोर उंदीर प्रभुभोजनाची चपटी भाकर कुरतडताहेत. ते उंदीर तिथे का आहेत यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. मला वाटतं, त्या मठाच्या स्वयंपाकघरात उंदीर फार झाले असावेत.

लॅटिन ही ख्रिस्तोस शब्दाची भाषा नाही. लॅटिनमध्ये तो शब्द सी ने सुरू होतो. तरी लॅटिन लिहिणाऱ्यांनी या एका शब्दासाठी ग्रीक अक्षरं सोडली नाहीत. खी, र्‍हो आणि पुढे लॅटिन प्रत्यय, अशी खिचडी युरोपभर हजार वर्षं चालली. कोलंबसची सही पाहा. तो ख्रिस्तोफर या आपल्या नावाचा अर्थ फोडून सही करायचा, ‘ख्रिस्ताला वाहून नेणारा’ अशी. त्यातला ख्रिस्त ग्रीक अक्षरांत आखूड केलेला आणि ‘वाहून नेणारा’ हा शब्द लॅटिन. पहिलं अक्षर फुलीच.

तर जन्माची कथा जिथे सुरू होते नेमक्या त्या जागी, पानभर मोठा एक्स. नाताळ आणि एक्स यांचं नातं पाहायचं असेल तर ते इथे आहे.

इंग्लंडात लेखनिक हेच शिकले होते. अँग्लो-सॅक्सन बखरीच्या सुमारे इ.स. ११०० च्या प्रतीत नाताळ या शब्दातला ख्रिस्त खी, र्‍हो अशा अक्षरांनी आखूड करून लिहिला आहे. छापखाना आला तेव्हा अक्षरजुळाऱ्यांनी हाताने लिहिणाऱ्यांची सवय उचलली. सोळाव्या शतकापासून इंग्रजीत एक्सने सुरू होणारी नाताळची वेगवेगळी आखूड रूपं दिसू लागतात आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकात आजचं रूप पत्रांत आणि डायऱ्यांत सर्रास येतं. ख्रिश्चन, ख्रिस्तोफर, ख्रिस्टीना हे शब्दही असेच एक्सने आखूड होत. तेव्हा लिहिणाऱ्यांना तो ग्रीक ख आहे हे ठाऊक होतं. शाळेत ग्रीक शिकवत.

उरलेल्या ‘मस’चं काय? तो कॅथलिकांचा मिस्सा. लॅटिन उपासनेच्या शेवटी लोकांना निरोप देताना जे शब्द म्हणत त्यातल्या ‘मिस्सा’ या शब्दावरून अख्ख्या उपासनेचंच नाव पडलं. ख्रिसमस म्हणजे ख्रिस्ताचा मिस्सा. आणि इथे इतिहास तुमच्या गृहस्थांची फार मजेशीर गंमत करतो. इंग्लंडातल्या प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट, लोकांना या शब्दाचा खरोखरच राग होता, पण तो एक्सचा नव्हता, ‘मस’चा होता. मिस्सा म्हणजे पोपचा धर्म, तो आमच्या सणाच्या नावात नको, म्हणून त्यातले काही ख्रिसमस न म्हणता ‘ख्रिस्ताचा काळ’ अशा अर्थाचा शब्द वापरत. १६४७ मध्ये तर त्यांच्या पार्लमेंटने सणच बंद केला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. आपल्या प्रोटेस्टंट मंडळीत मिस्सा होत नाही, म्हणजे आक्षेपच घ्यायचा तर नावाच्या मागच्या अर्ध्यावर घ्यायला हवा होता. हे त्यांना सांगू नका, नाही तर पुढच्या वर्षी तेही उतरवतील.

मग फुलीची भावना आली कुठून? ती खोटी नाही, म्हणून थोडं थांबतो. ग्रीक शिक्षणातून गेलं आणि एक्स हे अक्षर दुसऱ्या कामांना लागलं. १६३७ मध्ये फ्रेंच गणिती देकार्तने आपल्या भूमितीत अज्ञात राशींना वर्णमालेच्या शेवटची अक्षरं दिली आणि तेव्हापासून एक्स म्हणजे ‘माहीत नसलेलं काहीतरी’. चुकलेल्या गणितावर गुरुजी तांबड्या शाईने मारतात ती फुली. यादीतलं नाव रद्द करायचं तर फुली. मराठीत ‘नावावर फुली मारणे’ हा वाक्प्रचारच आहे. त्यात दुकानांनी डिसेंबरच्या सेलच्या पाट्यांवर हाच शब्द लावला. पाटीवर जागा कमी, शब्द छोटा, सोय झाली. तो रंगवणाऱ्या पेंटरच्या मनात ना खी होता ना ख्रिस्त. अशा वेळी एखाद्या म्हाताऱ्या विश्वासणाऱ्याला वाटलं की सणातून मालक काढून टाकला आणि माल ठेवला, तर त्याचं वाटणं मला कळतं. त्यांचा राग बाजारावर असेल तर तो योग्य आहे. त्या मुलीच्या कार्डशीटवर काढायला नको होता.

दुसरं टोकही टाळा. दरवर्षी मोबाइलवर फिरणारा एक निरोप येतो की एक्स ही छळाच्या काळात ख्रिस्ती लोकांनी शोधलेली गुप्त खूण आहे. गुप्त काही नव्हतं. ग्रीक वाचणाऱ्या कुणालाही ख हे अक्षर येतच होतं. माशाच्या चिन्हाशी त्याची गल्लत होते. ग्रीकमधल्या मासा या शब्दाची पाच अक्षरं म्हणजे ‘येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा’ या शब्दांची आद्याक्षरं, त्यातलं दुसरं अक्षर खी, एवढाच संबंध. आणखी एक जण सांगतो की एक्स म्हणजे आडवा पडलेला क्रूस. एक्समसमधल्या एक्सचं मूळ ते नाही. पण इथे मी फार ताठरपणे नाही म्हणत नाही, कारण दुसऱ्या शतकातल्या जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने प्लेटोच्या एका ग्रंथात विश्वाचा आत्मा खीच्या आकारात मांडल्याचं वाचून ‘हा तर क्रूसच’ असं म्हणून ठेवलंय. अक्षरात क्रूस पाहण्याची हौस जुनी आहे. शब्दाची व्युत्पत्ती वेगळी आणि भक्ताची नजर वेगळी, एवढं लक्षात ठेवलं म्हणजे झालं.

ग्रीक अक्षर रोमन समजून वाचण्याची ही चूक फक्त एक्सबाबत होत नाही. जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या मंदिरावर, दर्शनी भिंतीच्या माथ्याशी, आय, एच, एस अशी तीन अक्षरं कोरलेली आहेत. जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाची ती खूण. सहलीला गेलेल्या एका युवक मंडळाला मी विचारलं होतं, याचा अर्थ काय? तीन वेगवेगळी इंग्रजी वाक्यं मिळाली, तिन्ही सुंदर, तिन्ही चूक. ती येसूस या ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरं आहेत. मधला एच हा एच नाहीच, तो ग्रीक एटा, म्हणजे दीर्घ ए. लॅटिनमध्येही त्यावर वाक्यं रचली गेली, तीही मागाहून. मुंबईतल्या जुन्या गावठाणांत दगडी क्रुसांवर जी चार अक्षरं दिसतात, आय, एन, आर, आय, ती मात्र खरोखर लॅटिन, ‘नासरेथकर येशू, यहुद्यांचा राजा’. रोमन सुभेदार पिलाताने क्रुसावर लावलेली पाटी तीन भाषांत होती असं योहान सांगतो, त्यातली ही एक. म्हणजे एकाच चर्चच्या आवारात एक संक्षेप ग्रीक आणि दुसरा लॅटिन असू शकतो. मुलांना कधी नेलंत तर हा खेळ त्यांना फार आवडतो.

आता तुमच्या कामाचं. वाचताना ‘एक्समस’ म्हणू नका, ‘ख्रिसमस’ म्हणा. ‘डॉ.’ पाहून आपण डॉक्टर म्हणतो, तसंच. निमंत्रणपत्रिकेवर किंवा उपासनेच्या पत्रकावर मी स्वतः एक्स वापरणार नाही. पाप आहे म्हणून नव्हे. वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो ख म्हणून वाचता येत नाही, आणि वाचता न येणारं अक्षर छापण्यात अर्थ नाही. काही इंग्रजी वर्तमानपत्रंही बातमीत हा संक्षेप टाळतात. शिवाय मराठी भिंतीवर लावायला आपल्याकडे ‘नाताळ’ हा घरचा शब्द आहे. तोही मूळचा परका, लॅटिनमधून पोर्तुगिजात आणि तिथून आपल्याकडे आलेला, अर्थ सरळ ‘जन्माचा’. वास्को द गामा १४९७ च्या नाताळात आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्याजवळून गेला त्याला त्याने हेच नाव दिलं, दक्षिण आफ्रिकेतलं नाताळ. पण वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत तो शब्द इतका मुरलाय की आता त्याला परका म्हणवत नाही.

मुलीकडे मात्र तुम्ही स्वतः जा. तिने चूक केली नाही हे तिला तिच्या आईसमोर सांगा, कारण अपमान चारचौघांत झालाय. केल्सच्या त्या पानाचं चित्र मोबाइलवर सहज मिळेल, ते मोठं करून दाखवा. उंदीर शोधायला लावा. मग पुढच्या रविवारी ती कार्डशीटची अक्षरं परत आणायला सांगा आणि त्या गृहस्थांनाही पुढच्या बाकावर बसवा. एक्सच्या डोक्यावर तिच्याकडून एक आडवी पट्टी चिकटवून घ्या. नियमाने त्या रेघेखाली दोन अक्षरं हवीत, एका अक्षरावर ती ओढलेली पाहून माझे जुने विद्यार्थी कुरकुरतील, पण देवनागरी लिहिणाऱ्या मुलीला डोक्यावर रेघ दिली की अक्षर पुरं झाल्यासारखं वाटेल. पट्टी सोनेरी कागदाची असली तर उत्तम.